एकाच मुलीचे तीन रकाने

पुणे–नगर रस्त्यानं कोरेगाव भीमा मागं टाकलं की सणसवाडी लागते आणि तिच्या पुढं शिक्रापूर. शिरूर तालुक्याच्या या पश्चिम टोकाला शिक्षणाच्या बाबतीत अभिमानानं सांगावं असं बरंच काही आहे. पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिक्रापूरजवळ पिंपळे जगतापला आहे. शिक्रापूरच्याच वाबळेवाडीत जिल्हा परिषदेची ती शाळा आहे, जिच्यासाठी गावानं जमीन दिली, कंपन्यांची मदत मिळवली आणि जिथं प्रवेश मिळावा म्हणून पालकांच्या लांबलचक प्रतीक्षायाद्या लागल्या. तळेगाव ढमढेऱ्याला महाविद्यालय आहे, पुढं शिरूरला बोरा महाविद्यालय आहे. सकाळच्या वेळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या या रस्त्यावर एकामागून एक दिसतात. आणि याच पट्ट्यात, कारखान्यांमागच्या पत्र्याच्या खोल्यांत, वीटभट्टीवर, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत अशी मुलं राहतात ज्यांचं नाव कुठल्या तरी शाळेच्या पटावर आहे, पण दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद त्यांना सलग वाचता येत नाही.

शाळा गावात आली म्हणजे शिक्षण आलं, असं आपण बराच काळ मानलं. तसं मानायला आधारही होता. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के निघाली. पुरुष ८८.४, स्त्रिया ७५.९. अनुसूचित जमातींची साक्षरता मात्र ६५.७ टक्क्यांवर होती. हे तक्ते उपयोगी आहेत, त्यांच्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही. पण तक्ता जातो तो आदिवासी बाईपर्यंत. ती भूमिहीन आहे का, हंगामात दुसऱ्या तालुक्यात जाते का, नवरा कंत्राटी कामावर आहे का, घरी बोलली जाणारी बोली शाळेत चालते का, हे विचारायला लागलो की रकाने संपतात.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट नीट मांडायची आहे. वर्ग, जात आणि लिंग यांचे तीन वेगळे रकाने करून आपण शिक्षणातली विषमता मोजतो, आणि तीन वेगळ्या खात्यांच्या तीन वेगळ्या योजनांनी ती दूर करायला जातो. ज्या मुलीच्या आयुष्यात हे तिन्ही एकत्र येतात, तीच नेमकी या सगळ्यांतून निसटते. दोरीचे तीन पेड सुटे करून कितीही तपासले तरी पीळ कुठं बसला आहे ते कळत नाही, तसं इथं होतं.

हे काही नवं ज्ञान नाही, आणि ते परदेशातून यावं लागलं असंही नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग जातीची, चौदाएक वर्षांची मुलगी. आपल्या जातीवर होणाऱ्या जुलमाबद्दल लिहिता लिहिता ती बाळंतपणाच्या विषयावर येते: डोक्यावर धड छप्पर नसलेल्या आपल्या बायकांना त्या अवस्थेत थंडीवाऱ्याचा किती त्रास सोसावा लागतो, हे ती सांगते. जात, दारिद्र्य आणि बाईपण हे तिला वेगळे दिसलेच नाहीत, कारण तिच्या वस्तीत ते कधी वेगळे नव्हते. अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ यांनी काळ्या स्त्रियांचे खटले अभ्यासून वंश आणि लिंग यांच्या छेदाचा सिद्धांत मांडला तो १९८९ साली. तो आज जगभर शिकवला जातो आणि शिकवला जावाही. पण मुक्ताचा निबंध त्याच्या १३४ वर्षं आधीचा आहे, आणि हा विषय शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यानं सुरुवात तिच्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा टप्पा १८८२चा. इंग्रज सरकारनं नेमलेला हंटर शिक्षण आयोग त्या वर्षी मुंबई इलाख्यात साक्षी घेत होता. फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन ठेवलं. त्यांचा मुद्दा पैशाचा होता: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, शेती करणाऱ्या जातींतून शिक्षक तयार करावेत, मुलींच्या शिक्षणाकडं अधिक लक्ष द्यावं, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याच आयोगापुढं पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग खुला व्हावा, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. एकाच वर्षात शिक्षणाच्या पैशावर, शिक्षकाच्या जातीवर आणि बाईच्या वाट्याला येणाऱ्या न्यायावर इतकं स्पष्ट बोललं गेलं. शिक्षणाचा पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, हा फुल्यांचा प्रश्न आजच्या अर्थसंकल्पालाही जसाच्या तसा लावता येतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगानं १९६६ साली म्हटलं. सगळ्या थरांतली मुलं एकाच शेजारशाळेत बसावीत, ही कल्पनाही त्याच आयोगाची. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. त्यांचं पुढचं काम पुण्यात झालं, आणि समता, गुणवत्ता व संख्या या तिन्हींचा मेळ बसत नाही ही खंत त्यांनी पुस्तकाच्या नावातच मांडली.

रमाबाईंचं नाव शिरूर-दौंडच्या वाचकाला वेगळ्या कारणानं जवळचं वाटायला हवं. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी. तिथं मुलींचे जातीचे नेमधर्म पाळण्याची मुभा होती. पुढं १८९६–९७चा दुष्काळ आला आणि रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुली आणि बाया आणल्या. त्यांना ठेवायला जागा मिळाली केडगावला, म्हणजे आजच्या दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावर. मुक्ती सदन उभं राहिलं ते तिथं. आता मुली एका जातीच्या राहिल्या नव्हत्या, आणि केवळ पुस्तकी शिक्षणानं त्यांचं पोट भरणार नव्हतं. म्हणून शाळेबरोबर विणकाम आलं, शेती आली, छापखाना आला, अंध मुलींसाठी वेगळं शिक्षण आलं. रमाबाई १९२२ साली केडगावलाच वारल्या. त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडं इतकं बोललं गेलं की त्यांच्या शिक्षणाच्या कामातला हा बदल झाकला गेला. वरच्या जातीच्या विधवेसाठी आखलेली शाळा भुकेल्या, सर्व जातींच्या मुलींपर्यंत पोचली तेव्हा तिला आपला अभ्यासक्रम, दिनक्रम, जेवणघर, सगळंच बदलावं लागलं. ‘मुलींचं शिक्षण’ अशी एकच एक गोष्ट नसते. कुठल्या मुलींचं, हे ठरल्याशिवाय शाळेची वेळसुद्धा ठरत नाही.

अशीच आणखी एक जागा तर सणसवाडीच्या शेजारीच आहे. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाबद्दल बोलताना लढाई, शौर्य आणि अस्मिता यांची चर्चा होते. शिक्षणाची होत नाही, आणि ती व्हायला हवी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत असलेल्या महार शिपायांना आणि त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळांत अक्षरओळख मिळाली. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरात लष्कराच्या वाटेनं पुस्तक आलं. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भरती बंद झाली तेव्हा पगाराबरोबर ती शाळाही गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर या स्तंभापाशी आले. तोवर त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत वसतिगृहाचं काम सुरू केलं होतं, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्या जागेकडं पाहताना मला नोकरी, शाळा आणि मान यांची ही साखळी दिसते. १ जानेवारी २०१८ रोजी याच परिसरात, सणसवाडीतही, हिंसाचार झाला आणि सणसवाडीच्या एका तरुणाचा त्यात जीव गेला. त्याचे न्यायालयीन आणि राजकीय पदर इथं उलगडायचे नाहीत. ज्या गावांत एकमेकांविषयी असा संशय शिल्लक राहतो, तिथं वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलांवरही त्याचं ओझं येतं, आणि ते उतरवण्याचं काम कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसताना शिक्षकाच्या वाट्याला येतं, एवढंच नोंदवतो.

आता आजच्या सणसवाडीकडं येऊ. पाटाचं पाणी येण्याआधी शिरूर हा अवर्षणप्रवण तालुका होता. चासकमान आणि कुकडीच्या कालव्यांनी काही भाग बागायती झाला. नगर रस्त्याला कारखाने आले, रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि शेतीचे तुकडे प्लॉट झाले. त्यातून गावात नवे थर तयार झाले. ज्यांची जमीन रस्त्याला होती त्यांनी ती विकली किंवा तिच्यावर खोल्या बांधल्या. ज्यांची जमीन नव्हती, आणि त्यात दलित व भटक्या कुटुंबांचं प्रमाण मोठं, त्यांना या भाववाढीतून हाती काही आलं नाही. भाडं मात्र वाढलं. कारखान्यात कायम कामगार थोडे, कंत्राटी पुष्कळ. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून माणसं येतात, दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, ठेकेदार बदलला की खोली बदलतात.

या थरांप्रमाणंच मुलांच्या शाळाही ठरतात, आणि हे इतकं सवयीचं झालं आहे की कुणाला खटकत नाही. कायम कामगार, पर्यवेक्षक, खोल्यांचे मालक यांची मुलं इंग्रजी माध्यमात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा, जिथं दोन पिढ्यांपूर्वी पाटलाचा आणि मजुराचा मुलगा एकाच तळवटावर बसत, तिथं आता अधिकाधिक कंत्राटी कामगारांची आणि गावातल्या दलित, भटक्या कुटुंबांची मुलं उरतात. पुण्याभोवतालच्या बहुतेक औद्योगिक गावांत कमीअधिक हेच चाललं आहे. त्याचा एक परिणाम लगेच दिसत नाही. ज्यांचा ग्रामसभेत आवाज आहे त्यांची मुलं शाळेतून गेली की शाळेची गळकी खोली, बंद पडलेला नळ, रिकामी शिक्षकाची जागा यांवर आवाज उठवणारंही कुणी राहत नाही. वाबळेवाडीत नेमकं उलटं घडलं: गावानं आपली मुलं तिथंच ठेवली आणि शाळा आपली मानली. म्हणून ती शाळा उभी राहिली. तिची कीर्ती झाल्यावर दुरून आलेल्या अर्जांचा ढीग लागला, आणि चांगल्या सरकारी शाळेची भूक लोकांना किती आहे हे त्यातून कळलं. त्या ढिगात वीटभट्टीवरच्या पालकाचा अर्ज असण्याची शक्यता मात्र फार थोडी, कारण अर्ज करायला आधी बातमी कळावी लागते.

वंचितांना चांगल्या शाळेत पोचवण्यासाठी आपण काही दारं मुद्दाम ठेवली आहेत, हे खरं. नवोदयमध्ये दरवर्षी सहावीला ८० जागा, किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी, किमान एक तृतीयांश मुलींसाठी. पण ग्रामीण कोट्यातून बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. दर दिवाळीनंतर जिल्हा बदलणाऱ्या मुलाला ही अट झेपत नाही. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा ठेवल्या. त्या अर्जाला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि भाडेकरूला नोंदणी केलेला भाडेकरार. सणसवाडीतल्या खोलीमालकानं कंत्राटी कामगाराशी असा करार केल्याचं क्वचितच आढळेल. शिवाय २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयानं तो बदल जुलैमध्ये रद्द केला. तो टिकला असता तर ही वाट जवळजवळ बुजलीच असती. या २५ टक्क्यांच्या तरतुदीवर माझा पूर्ण विश्वास नाही, कारण तिच्यामुळं सरकारी शाळा सुधारण्याचं दडपण हलकं होतं. तरी ज्या पोराला आज सहावं वर्ष लागलं आहे त्याला धोरण सुधारेपर्यंत थांबायला सांगता येत नाही.

मग जातीचा दाखला. महाराष्ट्रात हा दाखला मिळवताना अनुसूचित जाती-जमातींना १९५०च्या, विमुक्त व भटक्यांना १९६१च्या आणि इतर मागासवर्गीयांना १९६७च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या कुटुंबाच्या नावावर सातबारा आहे त्याला हे काम कटकटीचं असलं तरी अशक्य नसतं. पारधी कुटुंबाला ते डोंगराएवढं. १८७१च्या कायद्यानं ज्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, ज्यांना १९५२ साली त्यातून मुक्त केलं गेलं, त्यांच्याकडं त्या काळचा घराचा कागद कुठून येणार? घरच नव्हतं. परराज्यातून आलेल्या दलित कामगाराच्या मुलाला तर इथल्या सवलतीही लागू होत नाहीत. बिहारमध्ये जी जात त्याला पंक्तीबाहेर बसवत होती ती सणसवाडीत येताना त्याच्याबरोबर आली. तिच्यापोटी मिळणारी शिष्यवृत्ती मागं राहिली.

पूर्वेकडं न्हावऱ्याच्या बाजूला आणि खाली दौंड तालुक्यात चित्र बदलतं. तिथं ऊस आहे, साखर कारखाने आहेत, केडगाव–पाटस पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवरा-बायको मिळून, म्हणजे एका ‘कोयत्या’च्या नावावर असते. शाळा सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले असतात. मुलगा असेल तर त्याला आजीजवळ गावी ठेवण्याचा विचार होतो, कारण त्याचं शिक्षण बुडू नये. मुलगी असेल तर तिला बरोबर आणलं जातं, कारण तान्ह्याला कोण बघणार आणि वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षणहमी कार्ड आलं, शाळाबाह्य मुलं शोधायला बालरक्षक शिक्षक नेमले गेले. या प्रत्येक उपायामागं कुणीतरी तळमळीनं काम केलं आहे आणि त्यानं अनेक मुलं वाचलीही. पण पहाटे चारला आईबाप फडात गेल्यावर पाणी भरणं, भाकरी थापणं, धाकट्याला सांभाळणं हे काम दहा वर्षांच्या मुलीकडून काढून घेणारा उपाय कुणी केला? फडाजवळ पाळणाघर नसेल तर फडाजवळची शाळा तिच्यासाठी नसतेच. समाजकल्याण, शिक्षण, कामगार आणि महिला-बालविकास ही चार खाती या एका पोरीच्या दिवसात एकत्र येतात, कागदावर मात्र त्यांची गाठ पडत नाही. आणि ज्या कारखान्यासाठी हा ऊस तोडला जातो, त्याची जबाबदारी तर कुणी विचारतही नाही.

मुलींच्या शिक्षणाबद्दल राज्यानं घेतलेले निर्णय वरवर पाहता मोठे आहेत. बारावीपर्यंत फी माफ होऊन काही दशकं झाली. २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही फी माफ झाली. दुसऱ्या टोकाला, प्राथमिक शाळेतल्या गरीब घरच्या मागासवर्गीय मुलींना १९९२मध्ये सुरू झालेला उपस्थिती भत्ता आहे दिवसाला एक रुपया. दोन्ही निर्णय एकत्र ठेवले की खर्चाचा कल कुठं आहे ते दिसतं: जी मुलगी अभियांत्रिकीच्या दारापर्यंत पोचली तिला हजारोंची माफी, जी तिसरीतून गळते आहे तिला रुपया. फीमाफी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळं शेतकरी घरातल्या कितीतरी मुली पुढं जातील. पण गळती जिथं होते तिथं ती पोचत नाही, आणि १८८२चा फुल्यांचा मुद्दा इथं पुन्हा उभा राहतो.

गळतीचा पुढचा टप्पा कुठं? सातवी-आठवीनंतर, शाळा गावाबाहेर गेली की. नगर रस्ता ओलांडणं हे मोठ्या माणसालाही जिकिरीचं. त्या अवजड वाहनांतून बारा वर्षांच्या पोरीला रोज पाठवायला आईबाप कचरतात. त्याहून मोठी भीती बदनामीची असते आणि ती फक्त मुलीच्या बाबतीत असते. मग लग्नाची बोलणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात पाचातली एक. मोबाइलचंही तसंच. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडं स्वतःचा फोन होता, मुलींपैकी सुमारे २० टक्क्यांकडं. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली तेव्हा एकाच घरातल्या भावाबहिणींना वेगवेगळं शिक्षण मिळालं. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारनं पुढं आणला. वाडीवरची शाळा दोन किलोमीटर दूर गेली तर मुलगा सायकलनं जाईल. मुलीचं नाव पटावर राहील.

या सगळ्यात एक थर असा आहे ज्याच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. गावातल्या जमीनदार मराठा, माळी, धनगर घरांतली मुलं. जमीन विकून पैसा आला, पण कारखान्यात कायम नोकरी मिळाली नाही. कंपन्या बाहेरचा स्वस्त, गप्प राहणारा कामगार पसंत करतात. मग कामगार पुरवठा, पाणी, भंगार, वाहतूक, कँटीन यांचे ठेके हाच तरुणांचा मार्ग ठरतो, आणि त्यासाठी पदवीपेक्षा ओळख लागते. पॉल विलिस यांनी १९७७ साली इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या कामगारपोरांवर पुस्तक लिहिलं. शाळेला धुडकावण्यात मर्दानगी मानणारी ती मुलं शेवटी बापाच्याच कारखान्यात कशी पोचली, हे त्यांनी दाखवलं. सणसवाडीतल्या पोरांची स्थिती त्याहून अवघड म्हणावी लागेल. यांच्यासाठी बापाचं शेत राहिलं नाही आणि कारखान्याचं दारही बंद. शाळेवरचा त्यांचा विश्वास उडतो तो अनुभवातून. याच घरांतल्या मुली मात्र नेटानं शिकतात, बारावी, पदवी गाठतात. पण त्यांच्या पदवीचा हिशेब बहुधा स्थळाच्या बाजूनं केला जातो, नोकरीच्या नाही. आरक्षणाच्या वादात ही मुलं आणि दलित मुलं एकमेकांसमोर उभी केली जातात. दोघांच्याही वाट्याला कंत्राटच आलं आहे, ही गोष्ट त्या गदारोळात कुणी बोलत नाही.

वर्गाच्या आत काय होतं, हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग. फ्रान्समध्ये पिएर बोर्दिए यांनी दाखवून दिलं की घरातून जी भाषा, जी वागणूक, जी पुस्तकांची ओळख मूल घेऊन येतं, तिलाच शाळा बुद्धी समजून गुण देते. आपल्याकडं यात उच्चार येतो, आडनाव येतं, डब्यातलं जेवण येतं. घरी पारधी बोली, गोरमाटी किंवा भोजपुरी बोलणारं मूल पहिल्या दिवसापासून ‘चुकतं’. शिक्षक वाईट असतो असं नाही. अनेकदा तो दोन वर्ग एकत्र सांभाळत असतो आणि वर माहिती भरत असतो. शिक्षकांची पदं आता आधार पडताळलेल्या पटावर मंजूर होतात. ज्याच्या आधारात नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही ते मूल वर्गात बसलेलं असूनही शिक्षकाच्या मंजुरीपुरतं मोजलं जात नाही. अशी मुलं ज्या शाळेत जास्त, तिथंच शिक्षक कमी होण्याचा धोका जास्त.

या अनुभवाच्या आतून लिहिलेलं साहित्य मराठीत आहे, ही आपली मोठी मिळकत. शांताबाई कांबळे, बेबी कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथनं शिक्षणशास्त्राच्या वर्गात अनिवार्य असायला हवीत; पावडे यांनी संस्कृत शिकून नोकरीसाठी ज्या दारांवर थापा मारल्या त्यांची हकीकत एकटीच अनेक व्याख्यानांना पुरून उरेल. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात हे लेखन अभ्यासाच्या मध्यभागी आणलं. आणि याच नगर रस्त्याच्या पुण्याकडच्या तोंडाला, येरवड्याच्या वस्तीत एका खोलीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. २०१४ साली आलेल्या त्या पुस्तकात त्यांनी दुहेरी भेदभाव हा शब्द वापरला: शाळेत जात आडवी येते आणि घरी बाईपण. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांचं उदाहरण देऊन ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं सांगणं मला त्यांच्यावर अन्याय करणारं वाटतं, कारण त्यांचं सगळं संशोधन जिद्द असूनही ज्या मागं राहिल्या त्यांच्याबद्दल आहे.

शेवटी एका तरतुदीकडं लक्ष वेधतो, कारण ती आजच, नवा कायदा न करता, वापरता येण्यासारखी आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा असाव्यात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. पालक गावचा मतदार असावा, अशी अट त्यात नाही. म्हणजे बिहारहून, बीडहून आलेली, ग्रामपंचायतीत जिला मत नाही, ती बाई आपल्या मुलीच्या शाळेत मात्र कायद्यानं निर्णय घेऊ शकते. वर्ग, जात आणि लिंग या तिन्ही रकान्यांत जिचं नाव आहे तिला एका टेबलाशी बसवणारी ही मला माहीत असलेली एकमेव सरकारी जागा. प्रत्यक्षात ती बहुतेक ठिकाणी गावातल्या वजनदार माणसांकडं जाते, आणि सभा अशा वेळी भरते की जायचं तर त्या दिवसाचा खाडा पडावा. सणसवाडीच्या पट्ट्यातल्या शाळांनी एवढं ठरवावं: सभा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी, सूचना मराठीबरोबर हिंदीतही लावावी, खोल्यांच्या वस्तीत जाऊन ती वाचून दाखवावी, हंगामी मुलांच्या आयांसाठी समितीत एक तरी जागा धरून ठेवावी, आणि पहिल्या सभेचा पहिला विषय हा ठेवावा की दिवाळीनंतर कोणत्या मुली पटावर राहतात आणि वर्गात दिसत नाहीत.